नेटवर्कची वही



आम्ही कोलशेतच्या बचत गटातल्या बाया. ठाण्याहून घोडबंदर रस्त्याला लागलं की कापूरबावडीजवळ उजवीकडे वळतो तो आमचा कोलशेत रोड. एका अंगाला खाडी, खाडीपलीकडे भिवंडी तालुक्यातली काल्हेर-कशेळी, आणि मधे आमचं गावठाण. रेतीबंदरावरच्या विसर्जन घाटामुळे गणपतीत आमच्याकडे सगळं ठाणं लोटतं. पूर्वी रस्त्यावर सँडोझचा कारखाना होता, त्याचंच पुढे क्लॅरियंट झालं. आता त्या जागेवर आभाळाला टेकतील अशा इमारती उभ्या आहेत. कागदावर आम्ही शहरात, ठाणे महानगरपालिकेत. पण गावठाणातल्या आमच्या गल्ल्या अजून गावच्याच, एका माणसाने चालायच्या. म्हणून आज आम्ही जे सांगणार आहोत, ते शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरच्या बाईलाही ओळखीचं वाटेल.

विषय आहे फोनच्या रेंजचा. नवं, जलद नेटवर्क आपल्या दारापर्यंत खरंच आलं का, आलं तर किती आलं, हे आम्ही गटाने कसं मोजलं, ते सांगायला आलो आहोत.

कुणाला वाटेल, हा काय बायकांचा विषय आहे? पोरांचा आहे, व्हिडिओ बघणाऱ्यांचा आहे. थोडं थांबा आणि आपल्याच घरात बघा. मासळीची पाटी घेऊन आमच्यातल्या काही जणी मोठ्या संकुलांच्या फाटकाशी बसतात. गिऱ्हाईक आता सुटे पैसे देत नाही, फोन दाखवतं. पैसे गेले असं गिऱ्हाईक म्हणतं आणि आपल्या फोनवर काहीच येत नाही, तेव्हा म्हावरं द्यायचं की थांबवायचं? अंगणवाडी सेविकेला २०२१ पासून मुलांची सगळी नोंद पोषण ट्रॅकरवर करावी लागते. रेशनच्या दुकानात अंगठा लागतो, तो यंत्रातून पुढे जायला नेट लागतं. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये चालू राहावेत म्हणून २०२५ मध्ये ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा किती जणी फोन हातात धरून गच्चीवर, झाडाखाली, रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या ते तुम्ही पाहिलंच असेल. पान उघडेपर्यंत ओटीपीची वेळ संपते. पुन्हा पहिल्यापासून. ज्या बाईचा दिवसाचा रोज बुडतो, तिच्यासाठी रेंज ही चैन नाही. पाण्यासारखीच ती गरजेची झाली आहे.

आणि पाण्याचं जे, तेच रेंजचं. नळयोजना मंजूर झाली म्हणजे आपल्या हंड्यात पाणी पडलं असं होत नाही.

घोषणा आणि दार

आधी तारखा सांगतो, म्हणजे हा प्रवास लक्षात येईल. आपल्या देशात पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला, कोलकात्याहून दिल्लीला. तेव्हा फोनवर फक्त बोलता येत होतं. ४जी पहिल्यांदा आलं एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात, आणि त्याच वर्षी पुण्यात. पण सामान्य माणसाच्या हातात ते खऱ्या अर्थाने पडलं सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यावर, आणि मग डेटा स्वस्त झाला. म्हणजे पहिली घोषणा आणि आपला हात यात चार-साडेचार वर्षं गेली.

५जी ची घोषणा १ ऑक्टोबर २०२२ ला दिल्लीत झाली. त्याच आठवड्यात, दसऱ्याला, जिओने मुंबईसह चार शहरांत चाचणी सुरू केली. एअरटेलने आठ शहरं घेतली, त्यांत आपल्या राज्यातली मुंबई आणि नागपूर होती. व्होडाफोन आयडियाचं ५जी मुंबईत यायला मार्च २०२५ उजाडला. बीएसएनएलच्या देशी बनावटीच्या ४जी चं लोकार्पण २७ सप्टेंबर २०२५ ला झालं, एका दिवशी ९७,५०० हून अधिक टॉवर देशाला अर्पण झाले.

सरकारी आकड्यांप्रमाणे २०२५ च्या सुरुवातीपर्यंत देशातल्या जवळपास सगळ्या जिल्ह्यांत ५जी पोचलं होतं. ते खोटं नाही. पण 'जिल्ह्यात पोचलं' याचा अर्थ जिल्ह्यातल्या काही भागात पोचलं. ठाणे जिल्हा केवढा मोठा! ठाण्याच्या रेल्वे स्टेशनवर ५जी आलं तरी जिल्ह्यात आलंच की. घोषणेपासून आपल्या दारापर्यंतचं जे अंतर आहे, ते कुणी आपल्यासाठी मोजत नाही. ते आपणच मोजायचं.

आणखी एक गोष्ट आम्हाला या निमित्ताने कळली. दूरसंचारवाल्यांचा नकाशा आपल्या जिल्हा-तालुक्यांसारखा नसतो. त्यांची परिमंडळं असतात. ठाणे शहर त्यांच्या हिशोबात मुंबई परिमंडळात येतं. राज्याचा बाकी बहुतेक भाग महाराष्ट्र-गोवा परिमंडळात. लहरींचा लिलाव परिमंडळाप्रमाणे होतो, त्यामुळे एखादी कंपनी मुंबईत नवं नेटवर्क लावते आणि तुमच्याकडे तिचं काहीच हललेलं नसतं. ठाण्याच्या नणंदेने सांगितलं म्हणून तेच सिम तुम्ही गावाकडे घेऊ नका. आधी गावात चालतं का ते बघा.

वही कशी केली

आमच्या गटात हिशोबाची वही आहेच. तिच्याच शेजारी एक दुसरी वही आम्ही ठेवली. शंभर पानी, रेघांची. वर लिहिलं 'नेटवर्क'. काम वाटून घेतलं. गावठाणातल्या पाच जागा ठरवल्या. अंगणवाडी, देवळाचा पार, रेशनचं दुकान, खाडीकडची शेवटची गल्ली आणि बाजारासाठी आम्ही बसतो ती संकुलाच्या फाटकाची जागा. दिवसाच्या तीन वेळा ठरवल्या. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ. आठवड्यातून दोनच दिवस, कारण रोज करायला कुणाला सवड आहे?

प्रत्येक नोंदीत सहा गोष्टी लिहायच्या. तारीख आणि वेळ. जागा, आणि घरात की बाहेर. कोणत्या कंपनीचं सिम. फोनवर वर काय दिसतंय, ४जी की ५जी, आणि दांड्या किती. एक कॉल लावून बघायचा, लागला का, मधे तुटला का. आणि वेग.

वेग मोजायला ट्रायचं मायस्पीड नावाचं ॲप आहे. ट्राय म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण. ॲप उघडून बटण दाबलं की आकडा येतो, एमबीपीएसमध्ये. हा आकडा कसा वाचायचा? २०२३ पासून आपल्या देशात ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला कमीत कमी २ एमबीपीएस वेग लागतो. ही आमची खूणगाठ. दोनच्या वर असेल तर व्हिडिओ कॉल धकतो, फॉर्म भरता येतो. दोनच्या खाली गेलं की चक्र गोल गोल फिरतं. अजून एक हिशोब. फोटो किंवा फाइल आपण एमबीत मोजतो, वेग मेगाबिटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून २ एमबीपीएस वेगाने ४ एमबीचा दाखला पाठवायला सोळा सेकंद लागतात. घड्याळात सोळा सेकंद थोडे वाटतात, पण दहा कागद चढवायचे असतील आणि मधेच रेंज गेली तर तेच सोळा सेकंद तासाभराचे होतात.

एक सांभाळा. वेग मोजतानाही डेटा जातो, आणि ५जी वर जरा जास्तच जातो. म्हणून आम्ही प्रत्येक वेळी एकदाच मोजत होतो, आणि ज्यांच्या रिचार्जमध्ये डेटा शिल्लक असे त्यांच्याच फोनवर.

ज्यांना लिहिता येत नाही त्या जणी मागे राहिल्या नाहीत. एका मावशींनी स्वतःची खूण काढली. कॉल लागला की टिंब, तुटला की फुली. महिन्याने पान उघडलं तर खाडीकडच्या गल्लीसमोर नुसत्या फुल्या. वेगळं वाचून दाखवायची गरजच पडली नाही.

वहीने काय शिकवलं

पहिली गोष्ट, घरात आणि अंगणात जमीन-अस्मानाचा फरक. दारात ५जी दिसतं, चुलीपाशी ४जी होतं, आतल्या खोलीत एक दांडी. याचं कारण लहरींत आहे. नेटवर्कच्या लहरी दोन जातीच्या धरा. काही लांब पल्ल्याच्या, त्या दूर जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरतात. काही आखूड पल्ल्याच्या, त्या पुष्कळ माल वाहून नेतात, पण भिंत, पत्रा, झाडी आली की दमतात. ५जी चा मोठा वेग बहुतेक या आखूड पल्ल्याच्या लहरींवर येतो. म्हणून ५जी ला टॉवर जवळ-जवळ लागतात. डोंगरातल्या विरळ वस्तीत कंपन्यांना ते परवडत नाही, आणि म्हणून तिकडे आधी ४जी नीट मिळणं हीच मोठी गोष्ट आहे. पत्र्याचं छप्पर तर लहरी परतवूनच लावतं. फॉर्म भरताना खिडकीशी बसा, दारात बसा, इतकं केलं तरी फरक पडतो.

दुसरी गोष्ट, रात्री नऊ. सकाळी सात वाजता जो वेग, त्याच जागी रात्री नऊ वाजता निम्म्यावर. एकाच विहिरीवर सगळं गाव एकदम पाण्याला आलं तर काय होतं? तसंच. समोरच्या इमारतींत हजारो घरं, कामावरून आलेली माणसं, सगळे एकदम फोन उघडून बसतात. आम्ही मग ठरवलं की सरकारी फॉर्म, केवायसी, बँकेचं काम सकाळी लवकर उरकायचं. यासाठी एक पैसाही लागला नाही.

तिसरी गोष्ट, वीज. वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो. बॅटरी संपली की रेंज गुल. पावसाळ्यात तर वीज आणि फोन जोडीनेच जातात, आणि नेमकं तेव्हाच कुणाला दवाखान्यात न्यायचं असतं. म्हणून आम्ही वहीत वीज गेल्याची आणि रेंज गेल्याची वेळ शेजारी-शेजारी लिहायला लागलो. तुमच्याकडे वीज जास्त जाते, तुम्ही तर हे जरूर लिहा. वीज गेल्यावर किती वेळाने रेंज जाते, हे कळलं की निरोप कधी द्यायचा तेही कळतं. आणि एक लक्षात ठेवा. फोनवर 'फक्त आपत्कालीन कॉल' असं दिसत असेल तर आशा सोडू नका. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून ११२ लागू शकतो.

चौथी गोष्ट, वर ५जी लिहिलेलं असतं म्हणजे वेग असतोच असं नाही. आणि ५जी दिसत नाही म्हणजे नेटवर्कच नाही असंही नाही. आपला फोन ५जी चा आहे का, सेटिंगमध्ये ते चालू केलंय का, हे आधी बघायचं. आमच्यातल्या एकीचं सिम नवीन, टॉवर जवळ, पण फोन जुना. त्यात ५जी कधीच दिसणार नव्हतं. सिम मात्र बहुतेकदा बदलावं लागत नाही, ४जी चं सिम ५जी ला चालतं. हे मुद्दाम सांगतो, कारण 'तुमचं सिम ५जी करून देतो, आलेला ओटीपी सांगा' असे फोन येतात. तो चोर असतो. ओटीपी दिला की नंबर त्याच्या हातात आणि नंबरामागे बँकेचं खातं.

पैशाचं गणित

जलद नेटवर्क फुकट येत नाही. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी रिचार्ज महाग केले. अमर्याद ५जी देतो असं म्हणताना, रोज २ जीबी किंवा त्याहून मोठा रिचार्ज घ्या अशी अट घातली गेली. आम्ही गटाच्या बैठकीत प्रत्येकीला विचारलं, तू दिवसाला किती डेटा वापरतेस? फोनच्या सेटिंगमध्येच ते दिसतं. बहुतेकींचा वापर त्यांनी घेतलेल्या रिचार्जपेक्षा कितीतरी कमी निघाला. पोराने सांगितला म्हणून, दुकानदाराने मारला म्हणून रिचार्ज.

ज्या आजींना फक्त बोलायचंय त्यांच्यासाठी वेगळा मार्ग आहे. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं की फक्त कॉल आणि एसएमएस असलेले रिचार्जही ठेवा. जानेवारी २०२५ पासून ते मिळू लागले. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही. तुम्ही विचारा, 'भाऊ, बिनडेटाचा रिचार्ज दाखवा.'

नेट नसेल तर बँकेचं काम अडत नाही, हेही पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. साध्या बटणांच्या फोनवर *९९# दाबलं की खात्यातली शिल्लक बघता येते, पैसे पाठवता येतात, आणि मराठीतही चालतं. खात्याला जोडलेला नंबर मात्र तोच हवा.

टॉवरचा वाद

आता जरा अवघड भाग. वही चालू असताना गावात बातमी आली की एका घराच्या गच्चीवर टॉवर बसतोय. गटात दोन तट पडले. एक म्हणाली, 'रेंज पाहिजे ना? मग टॉवर कुठे, डोक्यावर बसणार?' दुसरी म्हणाली, 'घरात तान्हं मूल आहे, त्याला काही झालं तर?' दोघींचंही बरोबर होतं. म्हणून भांडण मिटवण्यापेक्षा माहिती काढायची ठरली.

कळलं ते असं. टॉवरच्या किरणांना आपल्या देशात मर्यादा आहे, आणि १ सप्टेंबर २०१२ पासून ती आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शाइतकी कडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये अशा लहरींना 'कदाचित धोका असू शकेल' या यादीत ठेवलं आहे. धोका सिद्ध झाला आहे असं त्यांनी म्हटलेलं नाही. सरकारचं तरंग संचार नावाचं संकेतस्थळ आहे. त्यावर आपल्या घराजवळ कोणते टॉवर आहेत आणि ते नियमात आहेत का ते बघता येतं. खात्री करून घ्यायची असेल तर ४,००० रुपये भरून दूरसंचार खात्याकडून मोजणी मागता येते. एकट्या बाईला ही रक्कम जड, पण गटाने किंवा सोसायटीने मिळून भरली तर नाही. अजून एक गोष्ट कळली, ती ऐकून सगळ्यांना नवल वाटलं. टॉवर लांब असला तर आपलाच फोन रेंज शोधायला जास्त जोर लावतो, आणि फोन तर आपण कानाला लावतो.

तान्ह्या बाळाच्या आईचं समाधान पूर्ण झालं असं आम्ही म्हणणार नाही. तिने म्हटलं, 'मोजणी झाली तर कागद मला दाखवा.' ते तिचं मागणं रास्त आहे आणि ते आमच्या वहीत लिहून ठेवलेलं आहे.

या टॉवरच्या नावाने एक मोठी फसवणूक चालते, ती गावाकडे जास्त. फोन येतो, पत्र येतं. 'तुमच्या शेतात टॉवर बसवतो, महिना इतकं भाडं, नोकरीही देतो. आधी नोंदणीचे पैसे भरा.' सोबत ट्रायचं ना-हरकत पत्र असतं. मैत्रिणींनो, ट्राय टॉवरसाठी कुणालाही असं पत्र देतच नाही. आधी पैसे मागितले की समजायचं, ही लबाडी आहे. पैसे गेलेच असतील तर लाजू नका, उशीर करू नका, लगेच १९३० वर फोन करा.

तक्रार केली, मग काय झालं

तीन महिन्यांची वही झाल्यावर आम्ही तक्रार करायला बसलो. त्या आधीही जणीजणीने फोन केले होते. प्रत्येक वेळी गोड आवाजात एकच उत्तर. 'मॅडम, आपल्या भागात नेटवर्क चांगलं आहे. फोन बंद करून चालू करा.' कंपनीचं नाव इथे घेत नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे हाच अनुभव येतो.

या वेळी वही समोर ठेवून १९८ वर फोन लावला. हा तक्रारीचा नंबर, फुकट असतो. तक्रार सांगितली की तक्रार क्रमांक मागायचाच. तो एसएमएसने येतो. 'रेंज नाही' असं मोघम आम्ही बोललो नाही. 'खाडीकडच्या गल्लीत, अमुक तारखांना, रात्री नऊ वाजता, घराबाहेर कॉल तुटतो, वेग दोनच्या खाली जातो', असं सांगितलं. पलीकडची मुलगी गप्प झाली आणि म्हणाली, 'ताई, पुन्हा सांगा, मी लिहून घेते.' तिलाही पहिल्यांदाच लिहून घेण्यासारखं काही मिळालं असावं.

पहिल्या उत्तराने समाधान झालं नाही, म्हणून वरच्या पायरीवर गेलो. प्रत्येक कंपनीत अपील ऐकणारा अधिकारी असतो. त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यायचा नियम आहे. त्यानंतर एक दिवस दोन माणसं यंत्र घेऊन आली आणि गल्लीतून फिरली. त्यांनी सांगितलं की टॉवरवरच्या अँटेनाचं तोंड रस्त्याकडे आणि नव्या इमारतींकडे होतं. ते थोडं फिरवलं. आमच्या पाच जागांपैकी अंगणवाडी आणि रेशनचं दुकान इथे फरक पडला, तो वहीत दिसतो. खाडीकडच्या गल्लीत अजून फुल्या आहेत. तिथल्या दोघीजणींनी शेवटी १९०० वर पोर्टचा एसएमएस पाठवून कंपनी बदलली, नंबर तोच ठेवला.

पण तिसरीला बदलता आली नाही. कारण सिम तिच्या नवऱ्याच्या नावावर होतं, आणि तो म्हणाला, 'कशाला?'

इथे आम्ही सगळ्याच थांबलो. वेग, टॉवर, लहरी, सगळं मोजलं. फोन कुणाच्या नावावर आहे, हे मोजलंच नव्हतं. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं की देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी जेमतेम ५४ टक्के जणींकडे स्वतः वापरायचा फोन आहे. म्हणजे घरात ५जी आलं तरी जवळजवळ निम्म्या बायकांच्या हातात ते येत नाही. पैसे बाईच्या खात्यात, खात्याचा ओटीपी नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या फोनवर. तो कामावर गेलेला असेल तर बँकेचं काम संध्याकाळपर्यंत खोळंबतं. मग नेटवर्क कितीही जलद असो, तिचं काम त्याच्या सवडीच्याच वेगाने होणार.

म्हणून वहीत सातवा रकाना आखला. सिम कुणाच्या नावावर? संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं. आपल्या नकळत कुणी आपल्या कागदांवर सिम काढलं असेल तर तेही तिथे कळतं आणि बंद करायला सांगता येतं. आमच्या गटात आता ठरलं आहे की बँकेला आणि योजनांना जोडलेला नंबर बाईच्या स्वतःच्या नावावर आणि शक्यतो तिच्या हातात. काही जणींचं झालं. काही घरांत बोलणं चालू आहे. त्या तिसरीच्या घरी सासूबाईच पुढे झाल्या. म्हणाल्या, 'पैसे तिचे तर फोनही तिचा असू दे.' सासूचा शब्द कामाला आला.

तुमच्या गावात काय करता येईल

तुमच्याकडे टॉवर एकच असेल, किंवा नसेलही. तरी वही ठेवा. ट्रायच्या १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांमुळे प्रत्येक कंपनीला आपल्या संकेतस्थळावर कुठे २जी, कुठे ४जी, कुठे ५जी याचा नकाशा द्यावा लागतो. शाळेतल्या मुलीला सांगा, तो उघडून देईल. नकाशात तुमचा पाडा रंगवलेला असेल आणि वहीत फुल्या असतील, तर तुमच्याकडे बोट ठेवायला जागा आहे. आणि नकाशातच पाडा कोरा असेल तर मागणी वेगळी. तेव्हा तक्रार नाही, टॉवरच मागायचा. जिथे नेटवर्क नाही अशा २४,६८० गावांत ४जी न्यायला केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपयांची योजना बीएसएनएलकडे दिली. आपलं गाव त्यात आहे का, काम कुठवर आलं, हे ग्रामपंचायतीला विचारायचा आपल्याला हक्क आहे.

विचारायचं कुठे? आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते. तिथे रस्ता, पाणी, दिवाबत्तीबरोबर रेंजचा विषय घाला. वहीचं पान वाचून दाखवा. ठराव करून घ्या. अंगणवाडी सेविका, आशाताई, रेशन दुकानदार यांनाही सोबत घ्या, कारण रेंजसाठी सगळ्यात जास्त धावाधाव त्यांचीच होते.

आणि हो, मोजताना फक्त वाईट तेवढंच लिहू नका. सुधारलं ते पण लिहा, तारखेसकट. नाहीतर वही रडगाणं होते आणि मग कुणी ती मनावर घेत नाही. आमच्या वहीवर लोकांचा भरवसा बसला तो यामुळेच. शेजारच्या आळीतल्या बाया आता येऊन विचारतात, 'तुमच्या वहीत आमच्या गल्लीचं काय लिहिलंय?' आम्ही त्यांना सांगतो, तुमच्या गल्लीचं तुम्ही लिहा, वही आम्ही आणून देतो.

मैत्रिणींनो, ५जी नंतर ६जी येईल, त्याचीही घोषणा कुठल्यातरी मोठ्या मंडपात होईल. तेव्हाही आपल्या दारापर्यंतचं अंतर कुणीतरी मोजावं लागेल. दहा-वीस रुपयांची वही, एक पेन, आठवड्यातले दोन दिवस. पुढच्या बैठकीत हिशोबाची वही मिटायच्या आधी ही दुसरी वही उघडा, आणि पहिल्याच पानावर लिहा, फोन कुणाच्या नावावर?